मदत हवी आहे: सुट्टीतलं रनिंग आणि नडगीचं दुखणं

माझी मुलगी हायस्कूलला आहे, ८०० आणि १५०० मीटर पळते. सुट्टीत कोच नसतात म्हणून त्यांनी आधीच सांगून ठेवलंय की हळूहळू किलोमीटर वाढव, स्पीडवर्क नको, बाकी तुझं तू बघ. आता हिचं असं आहे की सांगितले पाच तर ही पळणार आठ, त्यात टीममधल्या मैत्रिणी अॅपवर रोजचे आकडे टाकतात, मग तर बघायलाच नको.

सध्या नडगीच्या आतल्या बाजूला दुखतंय, वॉर्मअप झाला की कमी होतं आणि पळून आली की परत सुरू. लांबवर पसरलेलं दुखणं असेल तर बहुतेक शिन स्प्लिंट्स (जास्त पळून नडगीच्या हाडालगत येणारं दुखणं), पण एकाच जागी बोट लावल्यावर कळ येत असेल किंवा रात्री पडल्यापडल्या ठणकत असेल तर स्ट्रेस फ्रॅक्चरची (सततच्या ताणाने हाडाला पडणारी बारीक चीर) शंका, एवढं माहितीये. हिचं पसरलेलं वाटतंय तरी डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेतलीये, ते सोडून बोला प्लीज.

तोपर्यंत स्टॅमिना टिकवायला सायकल बरी की पोहणं? खोल पाण्यात बेल्ट लावून पळतात तो प्रकार कोणी केलाय का, फायदा होतो की नुसता कंटाळा? आणि उन्हाची सवय व्हायला १० ते १४ दिवस लागतात ना, मग ब्रेकनंतर ते सगळं पहिल्यापासून?

अजून एक, पाळी अनियमित झाली की हाडांवर परिणाम होतो, पण हा विषय काढला की ही उठूनच जाते. तुम्ही मुलींशी कसं बोललात?