डोक्यावर उघडा स्लॅब, पश्चिमेला काच: ऑफिसचं नूतनीकरण आणि करातली सवलत (बेळगाव)

खानापूर_रोड:
मंडळी, टिळकवाडीत 1,200 चौरस फुटांचं ऑफिस भाड्यानं आहे. पहिला मजला, वर थेट टेरेस. करार 9 वर्षांचा, नोंदणी केलेला. पश्चिमेची बाजू जवळजवळ सगळी काच. मार्च-एप्रिलमध्ये दुपारी तीननंतर दीड टनाचे दोन्ही एसी थांबतच नाहीत, आणि हेस्कॉमचं (वीज कंपनीचं) बिल व्यापारी दरानं येतं. इंटिरियरवाले म्हणतात, बाहेरची विटेची भिंत पाडून एएसी ब्लॉकची (हवेच्या बारीक छिद्रांच्या हलक्या सिमेंट ब्लॉकची) घाला. खरंच गरज आहे का? दुसरं, नेटवर वाचलं की कलम 179डी खाली ऊर्जा वाचवणाऱ्या इमारतीला मोठी वजावट मिळते. ती आपल्याकडं कशी घ्यायची? जीएसटी नोंदणी आहे, नियमित योजनेत.

गिलावा:
भिंत पाडू नका. एका मजल्याच्या ऑफिसात ऊन सगळ्यात जास्त येतं ते छतातून, मग पश्चिमेच्या काचेतून. विटेची भिंत तिसरी. एएसी ब्लॉक उष्णता कमी वाहतो हे खरं, पण त्याचा उपयोग नव्यानं बांधायच्या बाहेरच्या भिंतीला. आतल्या दोन केबिनमध्ये पार्टिशन म्हणून घातला तर दोन्हीकडं एसीच असतो, तिथं वीज वाचत नाही, फक्त वजन वाचतं. तरी घातलाच, तर गवंड्याला दोन गोष्टी बजावून सांगा: ब्लॉक विटेसारखा पाण्यात भिजत ठेवायचा नाही, नुसता वरवर ओला करायचा, आणि कॉलम-बीमला ब्लॉक मिळतो तिथं जाळी मारूनच गिलावा करायचा. नाहीतर त्याच रेषेत पहिल्या वर्षीच तडा दिसतो.

आता छत. 150 मिमी स्लॅबवर 50 मिमी जाडीचा एक्सपीएस बोर्ड (टणक फोमचा उष्णतारोधक) टाकला की आत येणारी उष्णता साधारण पाचव्या-सहाव्या हिश्शावर येते. बोर्ड 1250 बाय 600 मिमीचा असतो. तुमच्या 111.5 चौरस मीटरला 149 लागतात, तोडफोड धरून 156 मागवा. क्रम असा: तडे भरणं, कठडा आणि स्लॅब मिळतात त्या कोपऱ्यात गोल वाटा (सिमेंटची गोलाई) मारणं, वॉटरप्रूफिंग, किमान 24 तास पाणी कोंडून बघणं, मग बोर्ड, त्यावर जिओटेक्स्टाइल (पाणी झिरपू देणारं जाड कापड), वर 100 ला 1 उताराचा काँक्रीटचा थर. पाणी कोंडायचं वगळलं आणि नंतर गळती निघाली, तर ती शोधायला सगळं उखडावं लागतं.

पण इथंच बघा. 50 मिमीचा तो थर चौरस मीटरला 120 किलो, म्हणजे सगळ्या टेरेसवर 13 टनांच्या वर. इमारत जुनी असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय हात लावू नका. त्यांनी नको म्हटलं तर प्रायमर आणि परावर्तक पांढऱ्या कोटिंगचे दोन हात. इमारतींच्या ऊर्जा संहितेत थंड छताला परावर्तन (ऊन परतवण्याचं प्रमाण) किमान 0.60 सांगितलंय, तो आकडा डब्याच्या माहितीपत्रकात बघूनच घ्या; साधा पांढरा डिस्टेंपर चालत नाही. आपल्याकडच्या पावसात शेवाळ धरतं आणि पांढरं छत काळं पडलं की फायदाही गेला, म्हणून दर दिवाळीनंतर घासून धुवायचं.

छत_आणि_छज्जा:
काचेबद्दल. दुपारचं पश्चिमेचं ऊन तिरपं येतं, दीड-दोन फुटांचा छज्जा ते अडवत नाही. बाहेरून उभ्या पट्ट्या किंवा लूव्हर लावा. आतला पडदा उपयोगाचा कमी, कारण ऊन काचेतून आत येऊन मगच त्याला भेटतं. फिल्म लावायची तर काळी नको. साध्या काचेवर काळी फिल्म तापते, चौकटीतली कड थंड राहते, आणि काच कडेपासून तडकते. शिवाय अंधार पडून दिवसा दिवे लावावे लागले तर वाचवलेलं तिथंच गेलं. जुन्या चोकच्या ट्यूबच्या जागी 20 वॉटची एलईडी आणि 75 वॉटच्या पंख्याच्या जागी 30 वॉटच्या आसपासचा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा, हे तर लगेच करून टाका.

जमाखर्च:
179डी हे अमेरिकेचं कलम आहे, आपल्याला लागू नाही. आपल्याकडं ऑफिसच्या उष्णतारोधक कामाला वेगळी वजावट नाही. मिळतो तो घसारा, म्हणजे वस्तूच्या किमतीचा ठरावीक हिस्सा दरवर्षी खर्चात धरता येतो. 1961 च्या आयकर कायद्यातल्या कलम 32 प्रमाणे इमारतीचं काम 10 टक्के, फर्निचर आणि इलेक्ट्रिक फिटिंग (पंखे यातच) 10 टक्के, एसी 15 टक्के, सोलर पॅनेल 40 टक्के. एलईडी वीज वाचवतात म्हणून 40 टक्क्यांत बसत नाहीत, त्या यादीत त्यांचं नाव नाही. भाडेकरूनं भाड्याच्या जागेत केलेल्या भांडवली कामावरही घसारा मिळतो. गळती काढणं, रंग, फुटलेली काच यांसारखी दुरुस्ती करारात तुमच्याकडं असेल तर ती त्याच वर्षी पूर्ण खर्चात टाकता येते.

म्हणून "इंटिरियर काम, एकूण सहा लाख" असं एकच बिल घेऊ नका. एसी, सोलर, दुरुस्ती, नवं बांधकाम यांची बिलं सुटी घ्या. एका दिवशी एकाला 10,000 च्या वर रोख दिली तर ती रक्कम मालमत्तेच्या किमतीत धरली जात नाही, तेव्हा पैसे बँकेतूनच. जीएसटीत, भांडवली खाती (मालमत्ता म्हणून) टाकलेल्या बांधकाम-नूतनीकरणावर भरलेल्या कराचं क्रेडिट अडतं, दुरुस्ती म्हणून खर्चात टाकलेल्याचं मिळतं. क्रेडिट घेतलेल्या करावर पुन्हा घसारा लावायचा नाही. तुम्ही कलम 44एडीए खाली (व्यावसायिकांसाठीची सोपी पद्धत) अंदाजित उत्पन्न दाखवत असाल तर घसारा त्यातच धरलेला असतो, वेगळा मागता येत नाही. 1 एप्रिल 2026 पासून नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदललेत, सीएंशी बोलताना हे ध्यानात ठेवा.

खानापूर_रोड:
44एडीए नाही, हिशोबवह्या ठेवतो. मग काम नोव्हेंबरमध्ये काढू की थांबू? टेरेसवर सोलरही घ्यायचा विचार आहे, त्याला केंद्राच्या सूर्यघर योजनेचं अनुदान मिळेल का?

जमाखर्च:
ते अनुदान घरांसाठी आहे, ऑफिसला नाही. नोव्हेंबरबद्दल: वस्तू त्या वर्षात 180 दिवसांपेक्षा कमी वापरली तर घसारा निम्मा. म्हणजे 3 ऑक्टोबरपर्यंत वापर सुरू व्हायला हवा. सोलरला 40 चे 20 झाले तर फरक जाणवतो. उरलेलं पुढच्या वर्षांत मिळतं, बुडत नाही, पण उशिरा.

गिलावा:
आणि जून ते सप्टेंबर टेरेसवर काम होत नाही, ओल्या स्लॅबवर कोटिंग फुगून सुटतं. तेव्हा एप्रिलचा पहिला पंधरवडा धरा: स्लॅब कोरडा आणि घसाराही पूर्ण. वळीव दुपारनंतर येतो, म्हणून कोटिंगचा हात सकाळी दहाच्या आत संपवा आणि ताडपत्री वरच ठेवा. मालकाची लेखी परवानगी मात्र आत्ताच घ्या, टेरेस तुमच्या करारात आहे का तेही बघून.