मदत हवी आहे: ल्युअर कनेक्टरला तडे जातायत, मटेरियल बदलावं का?

नमस्कार मंडळी, मेडिकल डिव्हाइसमध्ये डिझाईन करणाऱ्यांचा सल्ला हवाय. आमच्या एका आयव्ही एक्स्टेन्शन सेटच्या (सलाईनच्या लाईनची जोडनळी) पॉलीकार्बोनेट फिमेल ल्युअरला (सिरिंजचं टोक जिच्यात बसतं ती निमुळती जोडणी) बारीक उभे तडे जाऊन गळती होतेय अशा तक्रारी यायला लागल्यात. परत आलेले पीस मायक्रोस्कोपखाली बघितले, तडा बहुतेक वेळा वेल्ड लाईनवरूनच सुरू होतो, म्हणजे गेटच्या (साच्यात प्लास्टिक शिरतं ते तोंड) बरोबर समोर, जिथे कोअर पिनच्या (आतलं भोक घडवणारी साच्यातली पिन) दोन्ही बाजूंनी आलेलं प्लास्टिक एकत्र येतं तिथून.

वापरताना कनेक्टर अल्कोहोल स्वॉबने पुसतात आणि ओला असतानाच सिरिंज घट्ट फिरवून लावतात. ल्युअरचा टेपर (निमुळतेपणा) ६ टक्के, घट्ट केलं की भिंत बाहेर ताणली जाते, वर आयसोप्रोपिल अल्कोहोल, म्हणजे स्ट्रेस क्रॅकिंग (ताणामुळे तडे जाणं) होणारच ना! आयएसओ ८०३६९-७ ची (ल्युअर कनेक्टरचं मानक) स्ट्रेस क्रॅकिंग टेस्ट आम्ही पास आहोत पण ती कोरड्या पार्टवर केलेली.

आता मॅनेजर म्हणतात सूचनापत्रकात "अल्कोहोल सुकल्यावरच जोडा" अशी ओळ टाका आणि CAPA (तक्रारीवरच्या सुधारणा-प्रतिबंध कारवाईची फाईल) बंद करा. मला हे अजिबात पटत नाहीये. आयएसओ १४९७१ मध्ये (मेडिकल डिव्हाइसच्या जोखीम व्यवस्थापनाचं मानक) क्रम स्पष्ट आहे, आधी डिझाईनच सुरक्षित करा, मग संरक्षक उपाय, सूचना सगळ्यात शेवटी. रात्रपाळीत धावपळ करणारी नर्स स्वॉब सुकेपर्यंत थांबेल यावर पेशंटची औषधाची लाईन सोडायची का?

मला कोपॉलिएस्टरवर (दुसरं प्लास्टिक) जायचंय पण मग आयएसओ १०९९३ चं (शरीराला मटेरियल सुरक्षित आहे का याचं) मूल्यांकन, ईटीओचे (निर्जंतुकीकरणाचा इथिलीन ऑक्साइड वायू) रेसिड्यू, पीव्हीसी ट्यूबशी सॉल्व्हंट बाँडिंग सगळं परत आलं, शिवाय त्याच मोल्डमध्ये टेपर गेजला बसेल का ही धाकधूक वेगळीच. एजिंग (गरम ठेवून पार्ट लवकर जुना करायची टेस्ट) ५५ अंशांवर, स्टोरेज २२ अंश आणि क्यू-टेन (दर १० अंशांनी जुनं होण्याचा वेग किती पट वाढतो) २ धरलं तर एका वर्षाच्या शेल्फ लाइफला साधारण ३७ दिवस, आमची शेल्फ लाइफ ३ वर्षं, म्हणजे जवळपास चार महिने यातच जाणार.

कोणी असा बदल केलाय का? मटेरियल तेच ठेवून गेट हलवून किंवा भिंत जाड करून भागलं का, की वेल्ड लाईन फक्त दुसरीकडे सरकली? आणि व्हेरिफिकेशनमध्ये अल्कोहोल लावून, घट्ट करून किती तास ठेवता, प्रोटोकॉलमध्ये त्याचं कारण काय लिहिता?