मदत हवी आहे: तो माझाच, मी त्याचाच, तरी सिफिलिस कसा?

कोराकागद
सिफिलिसची रक्तचाचणी, व्हीडीआरएल, पॉझिटिव्ह आली, १:३२ (म्हणजे रक्त ३२ पट पातळ केलं तरी). मला एकच जोडीदार, त्यालाही मी एकटाच, असं तो शपथेवर सांगतो. मग खोटं कोण बोलतंय? दोन रात्री झोप नाही. डॉक्टरांना भेटा म्हणू नका, तिथूनच आलोय, उद्या परत बोलावलंय. मध्ये तिसरा कुणी नसताना हा आजार होतो का, एवढंच सांगा.

वाटसरू_७
टीपीएचए, म्हणजे खात्री करणारी दुसरी चाचणी, केली का? नुसती व्हीडीआरएल कधी कधी उगाच पॉझिटिव्ह येते. अंगावर काही उठलं होतं? आणि जोडीदाराची तपासणी?

कोराकागद
टीपीएचएही पॉझिटिव्ह. महिन्यापूर्वी तळहातांवर पुरळ आलं होतं, ॲलर्जी समजून मलम लावलं, गेलं. त्याची तपासणी अजून नाही. विचारलंय त्याचं उत्तर द्या ना कुणीतरी.

निवडुंग
प्रेप सुरू करा. मी तीन वर्षं घेतोय, डोक्यावरचं ओझं उतरलं.

वाटसरू_७
निवडुंग, प्रेप एचआयव्हीपासून वाचवते. सिफिलिसवर तिचा उपयोग नाही.

निवडुंग
मग डॉक्सी, म्हणजे डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक. संबंधानंतर ७२ तासांच्या आत २०० मिलिग्रॅम. अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था सीडीसी, तिने २०२४ मध्ये त्याच्या सूचना काढल्या आहेत.

वाटसरू_७
ती लागण होऊ नये म्हणून. यांना होऊन गेली आहे. यांना पेनिसिलिनचं इंजेक्शन लागेल.

रोखठोक
कुणाला आवडो न आवडो, शेवटी प्रश्न संख्येचा आहे. जोडीदार कमी करा, आजार कमी होतील.

कोराकागद
एकाहून कमी किती करू?

ठिपके_आणि_रेघा
रोखठोक, संख्येला महत्त्व आहेच, पण इथे तारखा जास्त बोलतील. (साथींची गणितं मांडणं हे माझं रोजचं काम.) माणसांचे ठिपके काढा, संबंध असेल तिथे रेघ ओढा आणि प्रत्येक रेघेवर ती कधी सुरू झाली, कधी संपली ते लिहा. अ आणि ब यांचं संपल्यावर ब आणि क यांचं सुरू झालं, तर क कडचा आजार ब मार्फत अ पर्यंत मागे येत नाही. पण दोन्ही रेघा थोडे दिवस जरी एकाच वेळी चालू असल्या, तर वाट दोन्ही बाजूंनी उघडी राहते. म्हणून विचारतो: हा जोडीदार कधीपासून? त्याआधी कोण होतं, आणि ते कधी संपलं?

कोराकागद
हा सहा महिन्यांपासून. त्याआधी मैत्रीण होती. हा आजार पुरुषांमधलाच धरून चाललो, म्हणून तिचं लिहिलं नाही. संपवायला वेळ लागला, तीनेक आठवडे दोन्हीकडे होतो. ते मोजलंच नव्हतं.

ठिपके_आणि_रेघा
मग खोटं कुणीच बोलत नसेल. लागणीनंतर पहिला व्रण यायला १० ते ९० दिवस जातात. तो दुखत नाही, घशात किंवा गुदद्वाराच्या आत असेल तर दिसतही नाही. पुरळ त्यानंतर काही आठवड्यांनी. तिच्याकडून तुम्हाला आलं असेल, किंवा तुमची गाठ पडण्याआधीच त्याच्याकडे असेल आणि त्यालाही पत्ता नसेल. त्या तीन आठवड्यांनी ती दोघं तुमच्यामार्फत जोडली गेली, एकमेकांना न ओळखता.

आणि एकच जोडीदार म्हणजे आपण जाळ्याच्या कडेला, असंही नसतं. आपल्या मित्रांना सरासरीने आपल्याहून जास्त मित्र असतात, हे समाजशास्त्रज्ञ स्कॉट फेल्ड यांनी १९९१ मध्ये मांडलं. ज्याचे मित्र पुष्कळ, तो पुष्कळांच्या यादीत सापडतो. जोडीदारांचंही तेच. तुम्ही एकाला निवडता, पण त्याच्या मागचं जाळं तुमच्या हातात नसतं.

रोखठोक
म्हणजे माझंच खरं ठरलं. २०२२ मध्ये एमपॉक्स (मंकीपॉक्स) कशाने ओसरला? लोकांनी आवर घातला म्हणूनच.

ठिपके_आणि_रेघा
अर्धं खरं. जागतिक आरोग्य संघटनेने २३ जुलै २०२२ ला आणीबाणी जाहीर केली, ११ मे २०२३ ला उठवली. अमेरिकेत ऑगस्ट २०२२ मधल्या पाहणीत जवळपास निम्म्या समलिंगी आणि उभयलिंगी पुरुषांनी जोडीदार कमी केल्याचं सांगितलं. पण लसही आली, आणि ज्यांच्या रेघा सर्वांत जास्त होत्या त्यांना आधीच होऊन गेल्याने साथीला पुढची वाट मिळेना. शिवाय आपल्या लोकांनी एकमेकांना खरी माहिती दिली. दटावल्याने माणूस तपासणीच टाळतो.

निवडुंग
पण आपल्यातच जास्त का पसरतं मग? वर्तन तर सगळ्यांचं सारखंच.

ठिपके_आणि_रेघा
एचआयव्हीचं उदाहरण घ्या. बाधित जोडीदाराबरोबर विनाकंडोम, विनाऔषध गुदसंबंधात घेणाऱ्याला १०,००० वेळांमागे साधारण १३८ वेळा लागण होते, देणाऱ्याला ११ वेळा. पुरुषांमध्ये एकच माणूस आज घेणारा, उद्या देणारा असू शकतो. म्हणजे त्याला लवकर लागतं आणि त्याच्याकडून लवकर जातंही. त्यात जोडीदार मिळण्याचं वर्तुळ लहान, म्हणून रेघा पुन्हा पुन्हा त्याच ठिपक्यांना भिडतात.

जुनी_वही
अवांतर आहे, पण राहवत नाही. 'कुणी आणलं' हे शोधण्याने किती वाटोळं होतं ते मी पाहिलंय. १९८४ मध्ये अमेरिकेत ४० एड्सग्रस्त पुरुषांच्या संबंधांचा नकाशा छापला. त्यातल्या एकाला कॅलिफोर्नियाबाहेरचा म्हणून इंग्रजी ओ अक्षर दिलं होतं. लोकांनी ते शून्य वाचलं, आणि साथ त्यानेच आणली असं ठरवून मोकळे झाले. २०१६ मध्ये जुने रक्तनमुने तपासले, तर विषाणू न्यूयॉर्कमध्ये १९७० च्या सुमारासच पोचलेला निघाला. हे कळेपर्यंत तो माणूस वारून कितीतरी वर्षं झाली होती. कोराकागद, तुमच्या जोडीदाराला असा शून्य नका करू.

वाटसरू_७
मुद्द्यावर येऊ. पुरळाच्या या टप्प्यात लक्षणांच्या आधीचे सहा महिने धरतात, म्हणजे दोघांनाही सांगावं लागेल. त्याची चाचणी निगेटिव्ह आली तरी गेल्या ९० दिवसांत संबंध आला असेल तर इंजेक्शन देतात. आणि तिला आजच कळवा. ती गरोदर असेल तर सिफिलिस बाळापर्यंत जातो, वेळेत पेनिसिलिन मिळालं तर बाळ वाचतं.

कोराकागद
हे डोक्यातच आलं नव्हतं. तिला काय लिहू? बोलणं बंद आहे.

जुनी_वही
"मला सिफिलिस निघालाय. आपण सोबत होतो तेव्हा तुलाही लागला असू शकतो, किंवा तुझ्याकडून मला, ते कळायला मार्ग नाही. व्हीडीआरएल आणि टीपीएचए करून घे. इंजेक्शनने बरा होतो. दोष देत नाहीये." एवढंच. जुनं काही उकरू नका.

कोराकागद
पाठवलं. त्यालाही सांगितलं, उद्या माझ्याबरोबर येतोय. व्हीडीआरएल परत कधी करायची?

वाटसरू_७
एचआयव्ही निगेटिव्ह असेल तर सहा आणि बारा महिन्यांनी, पॉझिटिव्ह असेल तर त्याआधीपासूनच. १:३२ चं १:८ किंवा खाली यायला हवं. एचआयव्हीचा रिपोर्ट काय आला? अजून लिहिला नाहीत.