'शमन' की 'निवारण'?

हवामानबदलावरचा एक अहवाल मराठीत आणताना मिटिगेशन (हवामानबदलाचं कारणच कमी करणं) आणि अ‍ॅडॅप्टेशन (त्याच्या परिणामांना तोंड द्यायची तयारी करणं) या दोन शब्दांशी अडले आहे. 'शमन' आणि 'अनुकूलन' हे प्रतिशब्द रूढ आहेत, पण मसुदा वाचणाऱ्या दोघांनीही समुद्राकाठची संरक्षक भिंत 'अनुकूलना'ऐवजी 'शमना'त धरली. शब्दच चुकतोय का?

— चुकतोय. शमन म्हणजे शांत करणं: अग्निशमन, क्षुधाशमन. शमलेली भूक पुन्हा लागतेच. आयुर्वेदातही दोष बाहेर न काढता जागीच शांत करणं म्हणजे शमन. कारणच टाळण्याला 'निदानपरिवर्जन' हा वेगळा शब्द आहे. हवामानाच्या संदर्भात मिटिगेशन हे दुसऱ्या प्रकारचं काम. औद्योगिकीकरणापूर्वी हवेच्या दर दहा लाख भागांत सुमारे २८० भाग कार्बन डायऑक्साइड होता, आता ४२० च्या वर गेलाय. ही वाढ थांबवायची तर कोळसा-तेल जाळणं कमी करायला हवं. मात्र आपत्ती व्यवस्थापनात मिटिगेशन म्हणजे झळ कमी करणं, आणि तिथे भिंत त्यात बसते. त्यामुळे तुमच्या वाचकांना दोष देता येणार नाही.

— सरळ 'उत्सर्जनकपात' लिहा की.

— त्यात जंगलं आणि माती कार्बन शोषून घेतात, ती बाजू सुटते. मी 'कारणनिवारण' लिहीन. लांब आहे, पण भिंत त्यात कुणी घालणार नाही.

— मला 'अनुकूलन' जास्त खटकतं. रोजच्या वापरातला त्याचा सख्खा भाऊ 'वातानुकूलित'. तिथे हवा आपल्याला अनुकूल करून घेतो. इथे बदललेल्या हवामानाला अनुरूप आपण व्हायचंय. दिशाच उलटी! 'जुळवून घेणं' का नको? उष्णतेची लाट आली की कामाच्या वेळा बदलणं, कमी पाण्यावर तगणारं वाण निवडणं, हे सगळं कुणालाही लगेच कळतं.

— 'जुळवून घेणं'मध्ये मुकाट सोसण्याची छटा येते, याची मला काळजी वाटते. भिंत बांधणं, पूर्वसूचना यंत्रणा उभारणं हे सोसणं नव्हे. जीवशास्त्रात 'अनुकूलन' पक्कं आहे, तेच राहू द्या. पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात फोड करा.

— पटलं. 'कारणनिवारण' आणि 'अनुकूलन' ठेवते. पण खारफुटी कुठे घालू? ती लाटांचा जोरही मोडते आणि चिखलात कार्बनही साठवते.

— दोन्हीकडे. २०१५ च्या पॅरिस हवामान करारात मिटिगेशन चौथ्या कलमात आणि अ‍ॅडॅप्टेशन सातव्यात आहे, म्हणून खारफुटीने एकच बाजू निवडायला हवी असं नाही.