मदत हवी आहे: केदारनाथहून गांधी सरोवर, एका दिवसात होईल का?

शिरीषफूल
केदारनाथहून गांधी सरोवराला, म्हणजे चोराबाडी तालला, एका दिवसात जाऊन येता येतं का, एवढंच विचारायचं आहे. फोनवरच्या नकाशात गौरीकुंडापासून वर दोन वाटा दिसतात. एक रामबाड्याहून गरुडचट्टीमार्गे, दुसरी नदी ओलांडून लिंचोलीमार्गे. पहिली १४ किमी, दुसरी १६. छोट्या वाटेने गेलो तर वाचलेला वेळ सरोवरासाठी मिळेल असा हिशोब आहे. दिवाळीच्या सुट्टीत जातोय. उद्या तिकिटं काढायची आहेत, तेव्हा कृपया आजच सांगा. चारधामची सर्वसाधारण माहिती नको, ती सगळीकडे आहे.

डोंगरकाठी
"एका दिवसात" म्हणजे कुठून कुठे? गौरीकुंडाहून निघून सरोवर बघून त्याच दिवशी खाली, की केदारनाथला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी? किती जण, वयं काय? हे कळल्याशिवाय सांगता येणार नाही.

कोथरूडकर_काका
चालत जाऊच नका. फाटा, सिरसी किंवा गुप्तकाशीहून हेलिकॉप्टर मिळतं, बुकिंग आयआरसीटीसीच्या हेलियात्रा साइटवर. आम्ही दोघं तसेच गेलो, गुडघ्यांना काही त्रास नाही. मुक्काम गुप्तकाशीलाच करा, तिथे गरम पाणी मिळतं.

शिरीषफूल
काका, हेलिकॉप्टर नको, चालतच जायचं आहे. केदारनाथला मुक्काम करणार, सरोवर दुसऱ्या दिवशी. आता कुणी वाटेचं सांगेल का?

उत्तरवारा
वाटेचं सांगतो. तुम्हाला दिसणारी गरुडचट्टीची वाट ही २०१३ च्या आधीची. त्या जूनच्या महापुरात रामबाडा अख्खा वाहून गेला आणि त्याच्या पुढची वाटही गेली. नंतर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेच्या लोकांनी रामबाड्यापाशी मंदाकिनी ओलांडून पलीकडच्या अंगाने नवी वाट काढली. छोटी लिंचोली, बडी लिंचोली, मग बेस कॅम्प आणि मंदिर. यात्रा याच वाटेने चालते. जुन्या बाजूची वाट पुन्हा बांधायला घेतलेली आहे, पण त्या भरवशावर आखणी करू नका. त्या दिवशी जिथून सोडतील तिथूनच जायचं.

१६ हा आकडाही कागदावरचा समजा, चालताना जास्त भरतो. गौरीकुंड साधारण १९८० मीटरवर, केदारनाथ ३५८३ वर. म्हणजे सोळाशे मीटर चढ, आणि लिंचोलीच्या आसपासचा टप्पा भीमबलीपर्यंतच्या वाटेपेक्षा बराच उभा. ३१ जुलै २०२४ च्या रात्री ढगफुटी झाली तेव्हा हीसुद्धा वाट ठिकठिकाणी तुटली होती, अडकलेल्या लोकांना हेलिकॉप्टरने काढावं लागलं. त्यामुळे नकाशावर विसंबू नका, गौरीकुंडाच्या अलीकडे सोनप्रयागला विचारा.

काजवा
सगळे वाटेचं बोलताहेत, पण मूळ गोष्ट कुणी सांगत नाही. ते सरोवर आता पूर्वीसारखं राहिलेलं नाही. १७ जून २०१३ च्या सकाळी फुटलं ते हेच. हिमनदीने आणून टाकलेल्या दगडमातीचा बांध होता, आधीचे दोन दिवस पावसाने झोडपलं, वर बर्फही वितळत होतं. पाणी चढलं, बांध फुटला आणि काही मिनिटांत सगळं पाणी केदारनाथवर आलं. तिथल्या निरीक्षण केंद्रात २४ तासांत ३०० मिमीहून जास्त पावसाची नोंद झाली होती. आता तिथे फुटलेला बांध, खोलगट दगडवण आणि ऋतूप्रमाणे थोडंफार पाणी. निळंशार तळं बघायला जाणार असाल तर निराशा होईल.

कोथरूडकर_काका
पण फोटोत तर छान निळं पाणी दिसतं.

काजवा
काका, ते फोटो एक तर २०१३ च्या आधीचे, नाहीतर वासुकी तालचे. दोन्हींची नावं सर्रास एकमेकांना लावली जातात.

वाटाड्या७
मग वासुकी तालच करा! केदारनाथहून आठेक किमी, ४१०० मीटरच्या वर, समोर चौखंबा शिखर. गांधी सरोवरात वेळ घालवण्यापेक्षा हे शंभर पटींनी चांगलं.

उत्तरवारा
वाटाड्या, पहिल्यांदा जाणाऱ्याला हे सुचवू नका. आधी बरंच उंच खिंडीपर्यंत चढून मग तळ्याकडे उतरायचं, परत येताना पुन्हा तोच चढ. वाट ठळक नाही, ऑक्टोबरअखेर वरच्या भागात बर्फ पडलेलं असू शकतं आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, दरीत त्याच्याही आधी अंधारून येतं. स्थानिक माणूस बरोबर असल्याशिवाय नाही.

वाटाड्या७
आम्ही सप्टेंबरात कुणाला न घेता गेलो, काही झालं नाही. सगळ्यांना घाबरवण्यात काय अर्थ?

उत्तरवारा
सप्टेंबर आणि दिवाळी यांत तिथे फार फरक पडतो. मी घाबरवत नाहीये, वेळेचा हिशोब सांगतोय.

डोंगरकाठी
धागाकर्ते, वयं अजून सांगितली नाहीत.

शिरीषफूल
मी ३६, बाबा ६७. रोज सकाळी पर्वतीला जातात, बीपीची गोळी सुरू आहे, बाकी ठणठणीत. सरोवर फुटलं हे आम्हाला माहीत आहे, काजवा. बाबा नव्वदच्या दशकात त्यांच्या वडिलांबरोबर तिथे गेले होते. आजोबा सेवादलातले, १९४८ मध्ये गांधीजींच्या अस्थी तिथे विसर्जित केल्या म्हणून त्यांना ती जागा बघायची होती. बाबांना पाणी बघायचं नाहीये, आता तिथे काय उरलंय ते त्यांना स्वतः बघायचं आहे. वासुकी ताल नको. मंदिरापासून सरोवरापर्यंत वाट आहे की नाही, एवढं सांगा.

काजवा
हे आधी कळलं असतं तर मी वेगळं लिहिलं असतं. जरूर जा. मंदिराच्या मागून साडेतीन-चार किमी धरा. पूर्वीची बांधीव वाट राहिली नाही, सुट्या दगडांतून चढावं लागतं, घोटा मुरगळायला वेळ लागत नाही. बाबांना काठी द्या, एक नव्हे दोन. उंची ३९०० मीटरच्या आसपास, म्हणजे मंदिरापेक्षा तीनशे मीटर वर. सकाळी लवकर निघालात तर दुपारच्या जेवणाला खाली याल. पण निघण्याआधी पोलीस चौकीत किंवा एसडीआरएफच्या (राज्य आपत्ती दलाच्या) लोकांना विचारा. वरच्या कड्यांवरून हिमकडे सुटतात. ३० जून २०२४ ला सरोवराच्या वरच्या अंगाला मोठा हिमप्रपात झाला होता, मंदिरातून दिसला. नको म्हणाले तर नको.

माई_सांगलीकर
बाबांना कापराची पुडी द्या बरं का. हुंगलं की श्वास मोकळा होतो. आम्ही सगळे तेच करत होतो.

निशिगंध_डॉ
माई, कापराच्या वासाने बरं वाटतं, पण रक्तातला ऑक्सिजन वाढत नाही. ६७ वय आणि बीपी असताना फक्त कापरावर राहू नये. शिरीषफूल, डायमॉक्स (उंचीचा त्रास टाळायची गोळी) घ्यायची का हे त्यांच्या डॉक्टरांनाच विचारा, सल्फाची ॲलर्जी असेल तर आवर्जून सांगा. गौरीकुंडाहून एका दिवसात सोळाशे मीटर चढणं हाच मोठा ताण आहे. लिंचोलीला एक मुक्काम करा. डोकं दुखून उलटी झाली, चाल अडखळली, तर सरोवर विसरायचं आणि खाली उतरायचं. रात्र काढून बघू, असं करू नका.

माई_सांगलीकर
डॉक्टर, गोळ्या नव्हत्या तेव्हाही लोक जातच होते. बाबांची भावना मोठी आहे, केदारनाथ नीट नेईल.

देवराई
देवरियातालचं कुणी नाव घेतलं नाही. उखीमठजवळच्या सारी गावातून जेमतेम तीन किमी, २४३८ मीटर, पाण्यात चौखंबाचं प्रतिबिंब. वडिलांसाठी अगदी योग्य.

डोंगरकाठी
देवराई, त्यांना तीच जागा बघायची आहे. शिरीषफूल, "दिवाळीच्या सुट्टीत" म्हणजे नक्की कोणत्या तारखा? केदारनाथला कधी पोचताय?

शिरीषफूल
लक्ष्मीपूजन घरी करून पाडव्याला विमान. भाऊबीजेला गौरीकुंडाहून चढायला सुरुवात, दुसऱ्या दिवशी सरोवर.

डोंगरकाठी
थांबा, तिकिटं काढू नका! भाऊबीजेला सकाळीच केदारनाथची कपाटं, म्हणजे मंदिराचे दरवाजे, हिवाळ्यासाठी बंद होतात आणि देवाची डोली (पालखी) उखीमठला निघते. तुम्ही चढत असताना सगळं गाव खाली उतरत असेल. राहायला जागा नाही, चहा नाही, बाबांना काही झालं तर जवळ कुणी नाही. धनत्रयोदशीच्या आधी उरकून या. आणि उत्तराखंड सरकारच्या साइटवर यात्रा नोंदणी सक्तीची आहे. ती दोघांची केली का?

शिरीषफूल
नोंदणी नाही केली, ट्रॅव्हलवाल्याने गरज नाही म्हणून सांगितलं होतं. आज रात्रीच करतो. वसुबारसेच्या आधीच्या आठवड्यात रजा मिळते का बघतो. लिंचोलीला एक रात्र, केदारनाथला दोन, मधला दिवस सरोवराचा, असं ठरवलं आहे. बाबांना आत्ताच वाचून दाखवलं, ते आजच काठ्या आणायला निघालेत.

काजवा
केदारनाथच्या दोन रात्री अगदी योग्य, हवा बिघडली तर एक दिवस हाताशी राहतो. टोकाला रबर असलेल्या काठ्या घेऊ नका म्हणावं, दगडांवर लोखंडी टोकच धरतं.

निशिगंध_डॉ
ओल्या, गुळगुळीत दगडावर लोखंडी टोक सरकतं. रबराची टोपी खिशात असू द्या, यात्रेच्या फरसबंद वाटेवर तीच बरी.

कोथरूडकर_काका
येताना बाबांसाठी खेचर मिळेल का ते बघून ठेवा.

देवराई
काका, कृपया खेचर सुचवू नका. त्या वाटेवर त्या जनावरांचे जे हाल होतात ते मला बघवले नाहीत.

कोथरूडकर_काका
अहो, तिथल्या माणसांची वर्षाची कमाई त्यावरच आहे, त्यांनी काय करायचं? वेगळा धागा काढा, तिथे बोलू. शिरीषफूल, गाडी सीतापूर किंवा सोनप्रयागलाच लावावी लागेल, पुढे गौरीकुंडापर्यंत पाच किमी शेअर जीप. पहाटे लवकर रांगेत उभे राहा.