भीतीची पुस्तकं: एवढी वाचून झाली, आता पुढे काय घेऊ? (बजेट ९०० रु.)

रातराणी_बडोदा
नमस्कार मंडळी, मी मांजलपूरला राहते. या पावसाळ्यात वाचन बरंच झालं आणि त्यातलं बहुतेक भीतीचंच, त्यामुळे आधी काय वाचलं आणि कसं वाटलं ते सांगते म्हणजे तुम्हाला सुचवायला सोपं जाईल.

धारपांचं लुचाई. सुरुवात संथ आहे असं सगळे म्हणतात पण मला तोच भाग सगळ्यात आवडला, गावातली माणसं एकेक करून बदलत जातात आणि ज्याला कळतं त्याचं कोणी ऐकत नाही. शेवटाकडे मारामारी सुरू झाली की भीती कमी होते.

ड्रॅक्युला मुलीच्या कपाटातून काढून इंग्रजीतच वाचलं. गढीतला पहिला भाग जबरदस्त, तो वकील दाढी करतोय आणि मागे उभा असलेला माणूस आरशात दिसतच नाही, नंतर तोच माणूस भिंतीवरून डोकं खाली करून उतरतो, तिथे मी पुस्तक मिटून दिवा लावला. आणि ती जहाजाची नोंदवही, खलाशी एकेक नाहीसे होतात आणि कप्तान स्वतःला सुकाणूला बांधून घेतो. पण त्यानंतर ड्रॅक्युला फारसा समोर येतच नाही, नुसती चर्चा आणि आगगाडीची वेळापत्रकं.

शर्ली जॅक्सनचं हिल हाऊसवालं, १९५९ चं. भूत एकदाही धड दिसत नाही. अंधारात ती बाई मैत्रिणीचा हात घट्ट धरून बसते आणि उजेड आल्यावर कळतं की मैत्रीण तर लांब आहे. यापेक्षा भयंकर पान मी वाचलेलं नाही.

स्टीफन किंगचं पेट सेमेटरी अर्ध्यावर सोडलं. वाईट आहे म्हणून नाही, लहान मूल आणि तो ट्रकांचा रस्ता, मला झेपलं नाही.

मध्ये मन हलकं करायला बनगरवाडी पुन्हा काढलं, तर शेवटी दुष्काळात वाडी रिकामी होते ते वाचून पोटात जो गोळा आला तो कुठल्या भुताने आणला नव्हता.

आता हवं काय तर मराठी, छापील (सासूबाईपण वाचतात, त्यांना मोबाईलवर जमत नाही), फार रक्तपात नको, आणि शेवटी "हे सगळं स्वप्न होतं" असलं तर अजिबात नको. बजेट ९०० रुपये, पोस्टेज धरून. सुचवा.

धारपभक्त
ताई लुचाई वाचलंत म्हणजे आता थांबू नका, धारपांची सगळी घ्या. मी पूर्ण सेट मागवला होता नव्या आवृत्तीचा, कपाटाचे दोन खण भरले, बायको ओरडली पण आज ती स्वतः वाचते. चेटकीण घ्या, आनंदमहल घ्या, शपथ घ्या आणि भुताखेतांशी लढणाऱ्या त्यांच्या नायकाच्या, समर्थांच्या कथा तर घ्याच घ्या. ९०० मध्ये काय होणार, २५०० करा बजेट आणि एकदाच काय ते करून टाका.

पुण्यातून_परत
शपथ हे किंगच्या इट वरून आहे आणि लुचाई सेलम्स लॉट वरून, हे ताईंना माहीत असायला हवं. मूळ वाचावं माणसाने. ताई ड्रॅक्युला इंग्रजीत वाचू शकतात तर किंगही वाचतील.

धारपभक्त
त्यांनी मराठी मागितलंय, वाचलंत का नीट? आणि वरून घेतलं तर काय झालं, किंगने स्वतः सेलम्स लॉट लिहिताना ड्रॅक्युलाच डोळ्यासमोर ठेवला होता, मग त्यालाही नावं ठेवा. १९७५ ला तिकडे पुस्तक आलं, आपल्याकडच्या तालुक्याच्या गावातल्या पोराला ते कोण आणून देणार होतं? धारपांनी आणून दिलं, आपल्या वाड्यात, आपल्या माजघरात. माझ्यासारखे कित्येक जण त्यांच्यामुळे वाचायला लागले. समर्थ तर पूर्ण त्यांचेच आहेत.

पुण्यातून_परत
समर्थ असले की भीती अर्धी होते, शेवटी ते येणार आणि सगळं निस्तरणार हे पहिल्या पानावरच ठाऊक असतं.

कारेलीबागची मावशी
अगं मतकरी वाच ना, कोणीच कसं नाव घेतलं नाही. खेकडा, मध्यरात्रीचे पडघम, गहिरे पाणी. मतकरींची माणसं आपल्या शेजारच्या ब्लॉकमधली असतात, नोकरीला जातात, भाजी आणतात, आणि त्यातूनच काहीतरी वाकडं निघतं. तुला जे हिल हाऊसमध्ये आवडलं तेच तुला मतकरींकडे मिळेल. शिवाय कथा छोट्या, सासूबाईंना एका बैठकीत एक होते. २०२० च्या मे महिन्यात गेले ते, करोनात, मला फार वाईट वाटलं होतं, आमच्या मुलांनी त्यांचं अलबत्या गलबत्या किती वेळा पाहिलं असेल, एकच माणूस पोरांना हसवतो आणि मोठ्यांची झोप उडवतो.

लॅबवाला
थोडं अवांतर पण राहवत नाही. ड्रॅक्युलामध्ये त्या लूसीला चार वेगवेगळ्या पुरुषांचं रक्त चढवतात, गट बघणं नाही काही नाही. पुस्तक १८९७ चं आहे आणि रक्तगट लँडस्टायनरने शोधले १९०१ च्या सुमाराला, म्हणजे लेखकाला दोष देता येत नाही, पण मी रक्तपेढीत काम करतो आणि ते वाचताना मला व्हॅम्पायरपेक्षा डॉक्टरचीच भीती वाटत होती. गट न जुळलेलं रक्त गेलं की शरीर त्या पेशी फोडून टाकतं, किडनीपर्यंत जातं प्रकरण. एका मागोमाग चार जणांचं!

सुरसागर_काठ
लॅबवाला भाऊ भारी माहिती. म्हणजे लूसी कशाने गेली हा प्रश्नच आहे.

लॅबवाला
हो ना. मला तर वाटतं निम्मा दोष त्या म्हाताऱ्या प्रोफेसरचा.

अलकापुरी२१
तुंबाडचे खोत घ्या, ज्यावरून तुंबाड पिक्चर आला. दोन जाड खंड आहेत, पिक्चरपेक्षा कितीतरी जास्त मटेरियल असणार.

धारपभक्त
अहो नाही हो. पेंडशांच्या कादंबरीचं फक्त नाव घेतलंय सिनेमाने. २०१८ चा सिनेमा आहे तो, त्यातली आजीची कल्पना धारपांच्या कथेवरून आलेली आहे. पेंडशांची कादंबरी जगबुडी नदीकाठच्या खोत घराण्याच्या पिढ्यांची आहे, त्यात सिनेमातला तो हस्तर राक्षस वगैरे काही नाही.

अलकापुरी२१
हस्तर नसेल पण घराणं कसं आतून सडत जातं ते आहे ना. मी वाचलंय, रात्री दोन दोन वाजेपर्यंत वाचलंय. भीती म्हणजे काय फक्त राक्षसच का. ताईंनी स्वतः बनगरवाडीचं लिहिलंय वर.

कारेलीबागची मावशी
खोत सुंदरच आहे पण ९०० मध्ये दोन खंड आणि पोस्टेज बसायचं नाही बहुतेक. मतकरी घे.

जुना रावपुरेकर
विकत कशाला घेताय? बडोद्यात राहून पुस्तकासाठी पैसे मोजायचे म्हणजे सयाजीराव महाराजांचा अपमान. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत जा. महाराजांनी १९१० मध्ये बॉर्डन नावाचा अमेरिकन ग्रंथपाल बोलावून हा सगळा कारभार उभा केला, खेड्यापाड्यांत लाकडी पेट्यांतून पुस्तकं पाठवायचे त्या काळी, आणि आजही तिथे मराठीचा वेगळा विभाग आहे. जुन्या आवृत्त्या मिळतील ज्या आता कुठल्या दुकानात नाहीत. वर जायला मिळालं तर काचेच्या जमिनीवरून चाला, वरचा उजेड खाली झिरपावा म्हणून मजल्यांना काच बसवलेली आहे, लोखंडी मांडण्यांच्या मधून खालच्या मजल्यावरचा माणूस सावलीसारखा सरकताना दिसतो. भीतीचं पुस्तक निवडायला याहून चांगली जागा जगात नाही. आमच्या पिढीने धारप, अर्नाळकर सगळे तिथूनच वाचले. आताच्या पोरांना पायी दांडिया बाजारातून मांडवीला जायचं म्हटलं की जिवावर येतं.

सुरसागर_काठ
काका तिथे पार्किंगचं काय? मागच्या वेळी मी गाडी फिरवत फिरवत न्यायमंदिराला दोन चकरा मारल्या आणि शेवटी सेव उसळ खाऊन घरी आलो.

जुना रावपुरेकर
सकाळी लवकर जायचं. किंवा रिक्षाने. आमच्या वेळी सायकली होत्या.

पुण्यातून_परत
लायब्ररी ठीक आहे पण जुनी प्रत घरी आणाल तर आधी शेवटची पानं तपासा, रहस्यकथेचं शेवटचं पान हमखास गायब असतं.

सुरसागर_काठ
पानांवरून आठवलं, ऑनलाईन जुनं घेणार असाल तर सांभाळून. मी एका विक्रेत्याकडून जुन्या गूढकथांचं पुस्तक मागवलं, फोटो मस्त, आलं ते चक्क झेरॉक्स, गोंदाने चिकटवलेलं, मधली सोळा पानं उलटी आणि एका कथेचा शेवट दुसऱ्याच कथेला जोडलेला. पैसे परत मागितले तर उत्तरच नाही. आता मी आधी तीन फोटो मागवतो, प्रकाशकाचं पान, अनुक्रमणिका आणि पुस्तक उभं धरून पाठीचा. जो फोटो द्यायला टाळाटाळ करतो त्याच्याकडून घ्यायचंच नाही.

अलकापुरी२१
नवीन घ्यायचं तर दुकानदाराला फोन करून सांगितलं तरी पोस्टाने पाठवतात पुण्याहून. पूर्वी पार्सल पोस्टापेक्षा रजिस्टर्ड बुकपोस्ट स्व...

जुना रावपुरेकर
बुकपोस्टचं आता काही सांगू नका, पोस्टात रोज नवा नियम. लायब्ररी!

जीएंचा_वाचक
उशिरा आलो. रातराणी ताई, तुम्ही जे लिहिलंय त्यावरून तुम्हाला भूत नकोच आहे, तुम्हाला माणसाच्या वाट्याला येतं ते हवंय. जी.ए. कुलकर्णी. काजळमाया, नाहीतर रमलखुणा. काजळमायाला साहित्य अकादमी मिळालं होतं १९७३ ला आणि प्रकाशनाच्या तारखेवरून वाद झाला तर त्यांनी ते परत केलं, असा माणूस. त्यांच्या कथेत काहीही घडण्याआधी कळत असतं की आता सुटका नाही, आणि तरी तुम्ही पुढे वाचता.

धारपभक्त
जीए हॉरर नाहीत.

जीएंचा_वाचक
मी कुठे म्हटलं आहेत म्हणून. पण रात्री जीए वाचून झोपून दाखवा.

कारेलीबागची मावशी
सासूबाईंना जीए नको देऊस गं, उगाच उदास होतील. मतकरींच्या कथा दे.

धारपभक्त
नव्या लोकांमध्ये हृषीकेश गुप्ते वाचा मग. अंधारवारी. मी धारपांनंतर कोणाला मानत नाही सहसा पण हा माणूस लिहितो. दंशकालही आहे, पण ती जाड आहे आणि थोडी मोठ्यांची, सासूबाईंना देण्याआधी स्वतः वाचा.

लॅबवाला
अंधारवारीला माझंही मत. नाईट ड्यूटीला वाचलं, रक्ताच्या फ्रीजपाशी एकटा जायला नको वाटायला लागलं.

सुरसागर_काठ
कोणीतरी स्टोरीटेल सांगा ना त्यांना, सासूबाईंना ऐकायला बरं. मी धारप ऐकले गाडी चालवताना, हालोलच्या रस्त्यावर, रात्री. आवाज चांगला असला की पुस्तकाच्या दुप्पट भीती.

जुना रावपुरेकर
पुस्तक ऐकायचं नसतं.

अमदावादहून
मी बडोद्याची नाही पण मधे बोलते. टागोरांची क्षुधित पाषाण वाचली आहे का कोणी? १८९५ ची कथा. सतरा वर्षांचे असताना ते आमच्या शाहीबागच्या महालात राहिले होते, थोरले भाऊ सत्येंद्रनाथ इथे न्यायाधीश होते, आणि त्या महालावरूनच पुढे ही कथा सुचली. कापसाचा महसूल गोळा करणारा माणूस एका ओसाड महालात राहायला जातो आणि रोज रात्री तो महाल त्याला थोडा थोडा खातो. रक्ताचा थेंब नाही. शेवट मात्र सांगणारा पूर्णच करत नाही, गाडी येते आणि गोष्ट तुटते. काही जणांना राग येतो त्याचा, मला तोच शेवट खरा वाटतो, कारण अशा जागेतून सुटल्यावर माणूस पुढचं सांगणार तरी काय. साबरमतीकाठी तो महाल आजही आहे, सरदार पटेल स्मारक आहे तिथे, दिवसा जाऊन बघता येतं.

रातराणी_बडोदा
सगळ्यांचे आभार, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. क्षुधित पाषाण लगेच शोधून वाचली, ताई, तो मेहेर अली "सब झूठ है" ओरडत फिरतो ना, ते अजून कानात आहे. शेवट मलाही चालला.

रावपुरेकर काका, तुमचं ऐकून मांडवीला गेले. रिक्षाने. मराठी विभागात बराच वेळ उभी होते, धारपांचं हवं ते बाहेर गेलेलं होतं, मतकरींचं एक चाळलं, मावशी, ते नक्की वाचणार आहे. पण शेजारच्या मांडणीत खानोलकरांचं कोंडुरा हाताला लागलं आणि तिथेच खुर्चीत बसून कितीतरी पानं वाचून काढली. इथे कोणीच सुचवलं नव्हतं आणि हॉरर म्हणून कोणी सुचवणारही नाही. पण कोकणातला तो समुद्र, त्याचा घुमणारा आवाज, आणि एका साध्या माणसाला मिळालेलं वरदान त्याच्याच गळ्याभोवती आवळत जातं. मला इतके दिवस जे हवं होतं ते हेच. भूत बाहेर असतं तर दार लावून घेता येतं, यात माणूस स्वतःच श्रद्धेने दार उघडून आत घेतो.

म्हणून मी ९०० मध्ये कोंडुरा आणि त्यांचंच रात्र काळी, घागर काळी अशी दोन्ही नवी मागवली, घरात असावीत म्हणून. काही पैसे उरलेसुद्धा.

धारपभक्त
एवढी चर्चा आणि धारप एकपण नाही घेतलं. उरलेल्या पैशात चेटकीण बसत असेल तर बघा अजून.

अलकापुरी२१
कोंडुरावर बेनेगलांचा सिनेमापण आहे, १९७८ चा, अनंत नाग आणि स्मिता पाटील. हे नक्की आहे, यात नावाचा घोळ नाही.

कारेलीबागची मावशी
सासूबाईंना काय देणार ते नाही सांगितलंस.

रातराणी_बडोदा
मावशी, त्यांनी कालच ड्रॅक्युलाची गोष्ट माझ्याकडून तोंडी पूर्ण ऐकली आणि आता आरशाचा तो प्रसंग रोज नातीला सांगतात. त्यांच्यासाठी मतकरी लायब्ररीतून आणतेय पुढच्या आठवड्यात, खेकडा नसेल तर मध्यरात्रीचे पडघम.

जुना रावपुरेकर
सकाळी जा. आणि धारपांचं जे बाहेर गेलंय ते माझ्याकडे आहे, शनिवारी परत करतोय, तेव्हाच काउंटरवर या.