मराठी माध्यमातल्याला जास्त जड काय: इंग्रजी, जर्मन की जपानी?

पंचवटी_कारंजा

नमस्कार मंडळी. भाचा आयटीआय फिटर आहे, नाशिकमध्ये सातपूरला नोकरी, शिक्षण सगळं मराठी माध्यमातून. शाळेत पहिलीपासून इंग्रजी होतं. मशीनचं मॅन्युअल अंदाजाने लावतो, पण बाहेरचा इंजिनिअर आला की गप्प. त्याला सध्या दोन टोकांचे सल्ले मिळतायत. एक म्हणतो, इंग्रजीला काही नियमच नाही, त्यापेक्षा जर्मन घे, लिहितात तसंच वाचतात. दुसरा म्हणतो, जपानी घे, वाक्य थेट मराठीसारखं.

मराठी माणसाला यातलं खरंच अवघड काय, आणि इंग्रजीत नेमकं कुठे अडतं? रोज एक तास मिळतो, त्याहून जास्त नाही. परवा त्याने मेलमध्ये लिहिलं, 'आय ॲम वर्किंग हिअर सिन्स टू इयर्स'. चूक आहे एवढं कळतं, का चूक ते मला सांगता येत नाही.

तिसरी_विभक्ती

दोन्ही सल्ले अर्धे खरे आहेत. भाषा अवघड की सोपी, हे आपण कुठून निघालो त्यावर ठरतं. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था आपल्या लोकांसाठी वर्गातल्या तासांचा अंदाज देते: स्पॅनिश, इटालियनला ६०० ते ७५० तास, जर्मनला थोडे जास्त, हिंदीला ११००, आणि जपानी, चिनी, कोरियन, अरबीला २२००. पण हे तास इंग्रजी मातृभाषा असलेल्यांचे. मराठी माणसाने हा तक्ता जसाच्या तसा वाचायचा नाही. जपानीत त्यांचा बराच वेळ वाक्याच्या उलट्या रचनेत जातो, आणि ते ओझं आपल्यावर नाहीच.

एक जपानी वाक्य घ्या: 'वाताशि वा नाशिकु नि सुन्दे इमासु'. वाताशि म्हणजे मी. 'वा' हा विषय दाखवणारा शब्द. 'नि' म्हणजे आपला 'ला'. सुन्दे म्हणजे राहून, इमासु म्हणजे आहे. 'मी नाशिकला राहून आहे.' शब्दाला शब्द लावत गेलं तरी वाक्य उभं राहतं. प्रत्यय नामाच्या मागे, क्रियापद शेवटी. हिरागाना या जपानी अक्षरमालेचा तक्तासुद्धा 'आ, का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा' असा जातो, कारण त्या क्रमावर संस्कृत वर्णमालेची छाप आहे. इथवर सगळं घरचं वाटतं. मग लिपी येते. हिरागाना ४६, काताकाना ही दुसरी अक्षरमाला ४६, आणि रोजच्या वापरासाठी ठरवलेल्या कांजी, म्हणजे चिनीतून आलेल्या चिन्हाकृती, २१३६, त्यातल्या बहुतेकींचे दोन किंवा जास्त उच्चार. लोक सुटतात ते इथे.

जर्मनमध्ये आपल्यासारखीच तीन लिंगं आहेत. 'दास किंड' म्हणजे 'ते मूल', दोन्हीकडे नपुंसकलिंग. पण लगेच 'डी झोन्न', म्हणजे सूर्य, तिथे स्त्रीलिंगी. तीन लिंगांची कल्पना आपल्याला नवी नाही, यादी मात्र नव्याने पाठ करावी लागते. विभक्तीचंही तसंच. आपण 'मूल'चं सामान्यरूप करून 'मुलाबरोबर' म्हणतो, ते नामाला हात न लावता आधीचा शब्द बदलतात: 'दास किंड', पण 'मित डेम किंड'. आणि 'वाइल इश क्रांक बिन' ओळीने लावा: कारण, मी, आजारी, आहे. 'कारण'नंतरचं वाक्य हुबेहूब मराठी क्रमाने येतं. स्पेलिंग नियमबद्ध आहे, हेही खरं.

आता इंग्रजी. 'राइट' या क्रियापदाची सगळी मिळून पाच रूपं: राइट, राइट्स, रोट, रिटन, रायटिंग. आपल्या 'लिहिणे'ची मोजायला बसलात तर पान भरेल. 'त्याने आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, केळं खाल्लं', म्हणजे आपलं क्रियापद कर्माकडे बघून बदलतं. इंग्रजीत तिन्हींना एकच 'एट'. टेबलाला लिंग नाही, विशेषण बदलत नाही. जर्मनमध्ये पहिल्या महिन्यात जेवढं पाठांतर करावं लागतं, त्याच्या पाव हिश्शात इंग्रजीचं पहिलं वाक्य बोलता येतं. म्हणून 'इंग्रजीला नियमच नाही' हे मला पटत नाही. रूपांचे नियम थोडे आहेत आणि बहुतेक सरळ आहेत. अडचण वेगळ्या ठिकाणी आहे. शाळेत काळांचे तक्ते घोटून घेतले जातात आणि त्या ठिकाणाला कुणी हात लावत नाही, ही खरी वाईट गोष्ट.

उच्चारवही

ते ठिकाण म्हणजे आवाज. अक्षरं २६, आणि ब्रिटिश प्रमाण उच्चारातले ध्वनी साधारण ४४. स्पेलिंग असं का झालं, हे मुलांना एकदा तरी सांगावं, म्हणजे 'मीच ढ' ही भावना जाते. कॅक्स्टनने १४७६ साली वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला आणि स्पेलिंगं हळूहळू गोठत गेली. त्याच काही शतकांत इंग्लंडमधले दीर्घ स्वर मात्र सरकत होते. 'नेम' हा शब्द पूर्वी जवळपास आपल्या 'नाम'सारखाच उच्चारला जायचा. उच्चार पुढे गेला, स्पेलिंग मागे राहिलं. 'नाइफ'मधला के एकेकाळी खरोखर उच्चारत. 'डेट' म्हणजे कर्ज, त्यातला बी तर लॅटिन मूळ दिसावं म्हणून पंडितांनी नंतर घुसवला, तो इंग्रजीत कधीच बोलला गेला नाही.

पण स्पेलिंगपेक्षाही मोठी अडचण आघाताची. मराठीत शब्दातल्या कुठल्या अक्षरावर जोर दिला यावरून अर्थ बदलत नाही. इंग्रजीत बदलतो. 'रेकॉर्ड'मध्ये 'रे'वर जोर दिला तर नोंद, 'कॉर्ड'वर दिला तर नोंदवणे. आणि जोर नसलेला स्वर पुसट होऊन आपल्या आखूड 'अ'सारखा होतो. 'फोटोग्राफ'मध्ये जोर 'फो'वर. 'फोटोग्राफी'त तो 'टॉ'वर जातो आणि शब्द ऐकू येतो 'फटॉग्रफी'. 'कम्फर्टेबल' हा उच्चारात चार अवयवांचा शब्द (कम्-फर्-टे-बल) बहुतेकदा 'कम्फ्-ट-बल' असा तीनच अवयवांत उरकतात. वाक्यातही तेच: महत्त्वाचे शब्द ठळक, आणि 'टू, ऑफ, हॅव, बीन' हे सगळे गिळलेले. भाच्याला मॅन्युअल लागतं आणि माणूस कळत नाही, त्याचं हे मुख्य कारण असणार. कागदावर प्रत्येक शब्द सारख्या जाडीचा असतो, कानावर नसतो.

उलट बाजूने, आपण प्रत्येक अक्षर सारखं ठोकून बोललो की समोरच्याला शब्द ओळखू येत नाही. प, ट, क यांची आणखी एक गंमत आहे. तोंडासमोर चार बोटांवर पातळ कागदाची पट्टी धरा आणि 'पिन' म्हणा. इंग्रज म्हणेल तेव्हा पट्टी उडते, आपण म्हणतो तेव्हा हलत नाही, आणि त्याला ऐकू येतं 'बिन'. 'प'नंतर थोडा 'ह' सोडायचा. 'स्पिन'मध्ये मात्र पट्टी स्थिरच राहिली पाहिजे. रोज दोन मिनिटं, आठवडाभर. 'व्हेस्ट' आणि 'वेस्ट'साठी आरसा घ्या: पहिल्यात वरचे दात खालच्या ओठावर टेकून हवा घासत जाते, दुसऱ्यात 'ऊ'सारखे ओठ गोल आणि दात कुठेही टेकत नाहीत. आपण दोन्हींना एकच 'व' वापरतो.

'शिप' आणि 'शीप' हाही तसाच घोळ. ऱ्हस्व-दीर्घ आपण लिहिताना पाळतो, बोलताना त्यावर अर्थ क्वचितच अडतो, म्हणून कान तयार झालेला नसतो.

जमेची बाजूही आहे. 'स्कूल, स्टेशन' आपण आधी 'इ' न लावता म्हणतो. 'जहाज'मधला 'ज' आपल्याकडे आहे, त्यात जीभ टेकवायची नाही, नुसती मधमाशीसारखी गुणगुण ठेवायची, की 'झू'चा आवाज मिळाला. तो अनेकवचनात फार लागतो: 'कॅट्स', पण 'डॉग्झ'. भूतकाळात 'आस्केड' नाही, 'आस्क्ट'.

कॉलेजरोड_वही

उच्चारवहींशी सहमत. पण मूळ प्रश्नातल्या मेलकडे कुणी वळलंच नाही.

'दोन वर्षांपासून' आणि '२०२३पासून', दोन्हींना आपला 'पासून' चालतो. इंग्रजी तिथे वेगळं करते: सुरुवातीचा बिंदू सांगायचा तर सिन्स, कालावधी मोजून सांगायचा तर फॉर. ही अर्धी चूक झाली. उरलेली अर्धी काळाची. आपण 'करतोय' म्हणतो, म्हणजे वर्तमानकाळ, म्हणून त्याने 'ॲम वर्किंग' लिहिलं. मागे सुरू होऊन आजवर चालू असलेल्या कामाला इंग्रजीत 'हॅव बीन' लागतं. 'आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर टू इयर्स.' आता त्याला हेच वाक्य २०२३ घालून बदलायला सांगा. बरोबर आलं तर नियम कळला.

अशा चुका आळसातून येत नाहीत, मराठी प्रत्ययाचं सरळ भाषांतर झालेलं असतं. 'च्याबद्दल चर्चा' म्हणून 'डिस्कस अबाउट', खरं तर नुसतं 'डिस्कस'. 'शी लग्न' म्हणून 'मॅरीड विथ', हवं 'मॅरीड टू'. म्हणून प्रीपोझिशनची सुटी यादी पाठ करून फारसं हाती लागत नाही. आपला एकेक प्रत्यय घ्यावा आणि तो इंग्रजीत किती वाटांनी फुटतो ते बघावं. नाशिकला जातो: टू. नाशिकला राहतो: इन. सोमवारी: ऑन. पाच वाजता: ॲट. 'वर'चंही तसंच. गंगापूर रोडवर दुकान आहे: ऑन. सीबीएसवर, म्हणजे बसस्थानकावर, भेट: ॲट. डोक्यावर पंखा फिरतोय: ओव्हर किंवा अबव्ह. प्रत्येक प्रत्ययाला वहीचं एक पान, त्यावर स्वतःच्या रोजच्या बोलण्यातली दहा वाक्यं.

'अ' आणि 'द'बद्दल सगळे सांगतात की मराठीत असं काही नाही. मला ते तितकंसं बरोबर वाटत नाही. 'दारात माणूस उभा आहे' आणि 'माणूस दारात उभा आहे' ही दोन वाक्यं मोठ्याने म्हणून बघा. पहिल्यात कुणीतरी अनोळखी, तिथे 'अ मॅन'. दुसऱ्यात आपण ज्याच्याविषयी बोलत होतो तोच, तिथे 'द मॅन'. आपण शब्दांची जागा बदलून जे करतो ते इंग्रजी छोट्या शब्दाने करते. अडलं की मनात 'कुठला तरी' लावून बघायचं, बसला तर 'अ'. 'तो आपला' बसला तर 'द'. सगळ्या जागा यातून सुटत नाहीत, देशांची आणि नद्यांची नावं वेगळी शिकावी लागतात, पण मेलपुरतं बरंचसं काम होतं.

पंचवटी_कारंजा

सगळ्यांचे मनापासून आभार. दारातल्या माणसाचं उदाहरण त्याला लगेच समजलं. आता दोनच शंका. एक तास कसा वाटायचा? आणि पुढे जर्मनीला जायचं डोक्यात असेल तर इंग्रजी सोडून आताच जर्मन धरावं का?

उच्चारवही

तासातली वीस मिनिटं ऐकण्याला द्या. एका मिनिटाचं, संथ, लिखित मजकूर सोबत असलेलं ध्वनिमुद्रण निवडा आणि तेच पाच दिवस धरून ठेवा. पहिल्या दिवशी मजकूर न बघता तीनदा ऐकायचं, मग मजकुरात जोर येणाऱ्या अक्षरांखाली रेघ मारायची. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी त्या आवाजाच्या पाठोपाठ, अर्ध्या सेकंदाने मागे राहून, मोठ्याने म्हणायचं. पाचव्या दिवशी फोनवर आपला आवाज घेऊन शेजारी ठेवून ऐकायचा. रोज नवा तुकडा घेतला की सगळं बिघडतं, कारण कानाला एकच लय पुन्हा पुन्हा मिळत नाही. दुसरी चूक म्हणजे इंग्रजी शब्द देवनागरीत लिहून वाचणं. देवनागरी आघात दाखवत नाही, त्यामुळे ठोकून बोलायची सवय पक्की होते. शब्दकोशात दिलेल्या उच्चारात वरच्या बाजूला छोटी उभी रेघ असते, तिच्या पुढच्या अक्षरावर जोर. ती बघायची सवय लावा.

वीस मिनिटं शब्दांना. मायकेल वेस्ट यांनी १९५३ साली सुमारे २००० अत्यावश्यक शब्दांची यादी काढली. एवढ्यात साध्या मजकुरातले साधारण ८० टक्के शब्द येतात. रोज १०, आठवड्याचे सहा दिवस धरले तर ३४ आठवडे. मात्र ८० टक्के म्हणजे दर पाचवा शब्द अजून अनोळखी, हे धरूनच चालावं. शब्द एकटा लिहायचा नाही, शेजारच्या शब्दासकट लिहायचा: 'टाइटन द बोल्ट', 'चेक द ऑइल लेव्हल'. उजळणी दुसऱ्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या, सोळाव्या. उरलेली वीस मिनिटं प्रत्ययांच्या वहीला.

तिसरी_विभक्ती

जर्मनीचं सांगतो. १ जून २०२४पासून त्यांनी नोकरी शोधायला येणाऱ्यांसाठी 'शान्सनकार्टे' नावाचं परवाना-कार्ड सुरू केलं आहे. त्यात भाषेची किमान अट जर्मन ए-१ किंवा इंग्रजी बी-२, दोन्हींपैकी एक. शिवाय आपल्या देशात मान्य असलेलं किमान दोन वर्षांचं व्यावसायिक शिक्षण किंवा पदवी, गुणांची बेरीज आणि पुरेसे पैसे असल्याचा पुरावा, हे वेगळं. फिटरचा ट्रेड दोन वर्षांचाच आहे, पण कागदपत्रं आधी तपासून घ्या.

ए-१ आणि बी-२ मधलं अंतर बघा. युरोपच्या ए-१ ते सी-२ या सहा पायऱ्यांपैकी ए-१ पहिली आणि बी-२ चौथी. जर्मन शिकवणाऱ्या मॅक्सम्युलर भवनचा अंदाज ए-१साठी ४५ मिनिटांच्या ८० ते २०० तासिका, आणि बी-१ गाठेपर्यंत एकूण ३५० ते ६५०. वर्कशॉपमध्ये जर्मन लोकांबरोबर काम करायचं तर बी-१च्या खाली भागत नाही. रोज एक तास, म्हणजे वर्षाला तीनशेच्या आसपास, त्यात घरचा अभ्यास वेगळा धरलेला नाही. म्हणून दोन्ही भाषा एकाच वेळी सुरू करू नयेत. पहिले आठ महिने वरच्या वेळापत्रकाने इंग्रजी, त्यानंतर जर्मन. 'किंड'च्या आधी 'दास' लागतं हे पहिल्या दिवसापासून नामाबरोबरच पाठ करायचं, वेगळं नाही. परीक्षेचं केंद्र आणि तारीख ए-१चा निम्मा अभ्यास झाल्यावरच बघा, आधी पैसे भरू नका.